तिसरीपासून एआय येतंय, पण शिकवणाऱ्यांच्या तयारीचं काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एक मोठी घोषणा केली. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासूनच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, आणि संगणकीय विचारपद्धती शिकवण्याचे ठरले. अभ्यासक्रमासाठी सीबीएसईने आयआयटी मद्रासचे प्राध्यापक कार्तिक रमण यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. शिक्षकांचे प्रशिक्षण ‘निष्ठा’ या राष्ट्रीय कार्यक्रमातून होईल, असेही त्याच वेळी सांगितले गेले.

बातमी चांगली आहे. आपल्या घरांतून तिचे स्वागतच झाले. मुलं नव्या जगात मागे पडू नयेत, ही प्रत्येक आई-वडिलांची इच्छा असते, मग ते मालेगावचे पॉवरलूम कामगार असोत, मिरजेचे फळविक्रेते असोत की रत्नागिरीचे आखातात नोकरी करणारे. पण या बातमीनंतर जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता, तो फारसा कुणी विचारला नाही. हे शिकवणार कोण? आणि जे शिकवणार, त्यांना कोणी, कधी आणि कसं शिकवलं?

आमचं म्हणणं सरळ आहे. शाळेत यंत्र आणणं सोपं आहे, शिक्षकाला त्या यंत्राचा मालक बनवणं अवघड. गेली वीस-पंचवीस वर्षे आपण पहिल्या कामावर पैसा आणि लक्ष खर्च केलं. दुसऱ्या कामाच्या नावाने प्रमाणपत्रं वाटली. एआयच्या बाबतीत पुन्हा तेच झालं तर सगळ्यात जास्त नुकसान छोट्या शाळांतल्या, उर्दू माध्यमातल्या आणि कमी फीच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांचं होईल. म्हणजे मोठ्या प्रमाणात आपल्याच मुलांचं.

आकडे काय सांगतात

केंद्राच्या यू-डायस प्लस २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातील शिक्षकांची संख्या पहिल्यांदाच १ कोटीच्या वर गेली. संगणक असलेल्या शाळांचे प्रमाण एका वर्षात ५७.२ टक्क्यांवरून ६४.७ टक्के झाले, तर इंटरनेट असलेल्या शाळांचे ५३.९ वरून ६३.५ टक्के. प्रगती नाकारण्याचं कारण नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की देशातील दर तीन शाळांपैकी एकीत अजूनही संगणक नाही. आणि जिथे आहे तिथे तो वर्गात आहे की मुख्याध्यापकांच्या खोलीत कापड टाकून ठेवलेला आहे, हे या आकड्यात दिसत नाही.

आता घराकडे पाहू. ‘असर’ २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. सोशल मीडियासाठी वापरणारे मात्र ७६ टक्के होते. म्हणजे यंत्र मुलांच्या हातात शाळेच्या आधीच पोहोचलं आहे. ते कशासाठी वापरायचं हे दाखवणारं माणूस मात्र पोहोचलेलं नाही. घरी आई-वडील स्वतःच शिकत आहेत. मग हे काम शिक्षकावरच येतं.

शिक्षक तंत्रज्ञान वापरतोच, पण कोणासाठी?

‘आमच्या शिक्षकांना कॉम्प्युटर येत नाही’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. आजचा शिक्षक दिवसभर मोबाईलवरच असतो. सरल आणि यू-डायसवर विद्यार्थ्यांची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, शालार्थवर पगाराची बिलं, विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर चाचणीचे गुण, अपार आयडी, आधारची पडताळणी. शिवाय केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजच, तातडीने’ म्हणून येणाऱ्या लिंक वेगळ्याच.

यातलं जवळजवळ सगळं तंत्रज्ञान वर जाणारं आहे. शिक्षक माहिती भरतो, वरिष्ठ पाहतात. त्यातून समोरच्या मुलाला अपूर्णांक जास्त चांगला कळेल असं क्वचितच काही खाली येतं. त्यामुळे शिक्षकाच्या मनात तंत्रज्ञान म्हणजे सर्व्हर डाऊन, ओटीपी आणि कारणे दाखवा नोटीस, असं समीकरण बसलं आहे.

आपल्या समाजातल्या शाळांना तर या कामाचा आणखी एक चटका बसतो. मुलाचं नाव रजिस्टरमध्ये ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद’, जन्मदाखल्यावर ‘मुहम्मद’ किंवा नुसतं ‘एमडी’. कुठे ‘शेख’ आधी, कुठे नंतर. नाव जुळलं नाही तर आधार अवैध. महाराष्ट्रात संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरवलं जाऊ लागल्यापासून एकेका स्पेलिंगला शिक्षकाच्या पदाची किंमत आली आहे. साहजिकच उर्दू शाळेतले सर आणि आपा तासन्‌तास नावं दुरुस्त करत बसतात. हा वेळ शिकवण्यातून जातो, आणि शिकण्यातूनही.

प्रशिक्षणाचा इतिहास: संख्या मोठी, परिणाम लहान

महाराष्ट्राने या वाटेवर लवकर पाऊल टाकलं होतं. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी घराघरात पोहोचला. हजारो शिक्षकांनीही तो केला. पण त्यात वर्ड, एक्सेल, ई-मेल होतं. चौथीच्या वर्गात भूगोलाचा नकाशा पडद्यावर कसा वापरायचा, हा त्याचा विषयच नव्हता. पुढे प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या काळात ‘डिजिटल शाळा’ आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हे शब्द आले. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, टॅब आले. काही शिक्षकांनी खरोखर सुंदर काम केलं.

देशपातळीवर ५ सप्टेंबर २०१७ ला ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘निष्ठा’ आलं, तेव्हा सुमारे ४२ लाख शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं लक्ष्य होतं. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, ते दीक्षावर ऑनलाइन गेलं. प्राथमिक शिक्षकांसाठी १८ घटकसंच होते. व्हिडिओ पाहा, मजकूर वाचा, प्रश्नमंजुषा सोडवा, प्रमाणपत्र डाऊनलोड करा.

यातलं साहित्य वाईट नव्हतं. अडचण पद्धतीत होती. जिल्ह्याला उद्दिष्ट, तालुक्याला उद्दिष्ट, रोज संध्याकाळी किती जणांनी पूर्ण केलं याची यादी. अशा वेळी काय होतं हे शिक्षकांच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. व्हिडिओ एका बाजूला चालू, दुसऱ्या बाजूला पेपर तपासणं चालू आणि प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आयती. याला शिक्षकांचा आळस म्हणून मोकळं होता येणार नाही. तुम्ही माणसाला प्रमाणपत्रावर मोजाल तर तो प्रमाणपत्रच आणून देईल.

खरं तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वेगळीच गोष्ट लिहिली होती. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, आणि तेही स्वतःच्या आवडीनुसार, असं ते धोरण सांगतं. त्यातले ५० तास सरकारी परिपत्रकांनी लक्षात ठेवले. ‘स्वतःच्या आवडीनुसार’ हे शब्द मागे राहिले.

काय उपयोगी ठरतं, काय नाही

या प्रश्नावर जगात बराच अनुभव जमा झाला आहे. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या योजनेत लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला तेव्हा सुमारे १५ महिन्यांनंतर मुलांच्या गणित आणि भाषेच्या गुणांत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. नुसतं यंत्र देऊन शिकणं वाढत नाही, हा धडा तिथून मिळाला.

अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की व्याख्यान ऐकून, अगदी प्रात्यक्षिक पाहूनही, फार थोडं वर्गापर्यंत पोहोचतं. कार्यशाळेनंतर कुणीतरी सहकारी वर्गात येऊन बसला, सोबत करून पाहिलं, चुकलं तिथे सांगितलं, तरच नवी पद्धत शिक्षकाच्या हाताला बसते. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. शिलाई असो, गाडीचं काम असो की स्वयंपाक, कारागिरी उस्तादाच्या शेजारी बसूनच येते. शिकवणं हीसुद्धा कारागिरीच आहे.

आपल्याच देशात केरळने हा मार्ग धरला. २००१ मध्ये तिथे ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याचं ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झालं. तिथले प्रशिक्षक बाहेरच्या कंपनीचे नसून शाळांतलेच शिक्षक आहेत. साहित्य मल्याळममध्ये आहे, सॉफ्टवेअर मुक्त आहे. मे २०२४ पासून त्यांनी ८०,००० माध्यमिक शिक्षकांसाठी तीन दिवसांचं एआय प्रशिक्षण घेतलं, २५-२५ जणांच्या तुकड्यांत, समोरासमोर. डीपफेक कसा ओळखायचा हेही त्यात होतं. २५ जणांच्या खोलीत बसलेला शिक्षक ‘मला हे समजलं नाही’ असं म्हणू शकतो. हजार जणांच्या ऑनलाइन सत्रात तो माइक बंद करून बसतो.

महाराष्ट्राचं उदाहरणही आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. त्यांच्या कामाची सुरुवात भाषेच्या अडचणीपासून झाली होती. मुलांची मातृभाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्या भाषेत. त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पुस्तकांत क्यूआर कोड जोडले, म्हणजे मूल घरी बसून धडा ऐकू-पाहू शकेल. आधी मुलाची अडचण, मग तंत्रज्ञान, असा तो क्रम होता. आपल्या बहुतेक प्रशिक्षणांचा क्रम याच्या उलटा असतो.

उर्दू माध्यमाची वेगळी अडचण

उर्दू शाळांतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण बहुतेक वेळा मराठीत किंवा इंग्रजीत होतं. मराठी समजण्याचा प्रश्न नाही, महाराष्ट्रातला उर्दू शिक्षक मराठी उत्तम जाणतो. प्रश्न हा आहे की जे साधन दाखवलं जातं ते उर्दूत चालवून कुणी दाखवत नाही.

एक साधं उदाहरण घ्या. अनेक उर्दू शाळांत प्रश्नपत्रिका, नोट्स अजूनही इनपेजच्या जुन्या आवृत्तीत टाईप होतात. कागदावर नस्तालीक सुरेख दिसते. पण ती फाईल मोबाईलवर उघडत नाही. मग तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. त्या फोटोतला शब्द मुलाला शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, फोनला तो वाचून दाखवता येत नाही. ज्या मुलाला कमी दिसतं त्याचं तर पूर्ण नुकसान. हाच मजकूर युनिकोडमध्ये टाईप केला तर या सगळ्या गोष्टी शक्य होतात. फोनवर उर्दू कीबोर्ड आहे, बोलून टाईप करण्याची सोय आहे. हे शिकवायला एक दुपार पुरते. तरीही कितीतरी शिक्षकांना ही एक दुपार कुणी दिलेली नाही.

एआयच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढू शकतं. चॅटबॉट इंग्रजीत जितकं नीट उत्तर देतो तितकं उर्दू किंवा मराठीत देईलच असं नाही. तो चुकीची गोष्टही ठामपणे सांगतो. ज्या शिक्षकाने स्वतः वापरून त्याच्या चुका पाहिल्या आहेत, तोच मुलांना ‘थांब, हे तपासून बघ’ असं सांगू शकतो.

मदतीच्या जागा अगदीच नाहीत असं नाही. यूजीसीने २००६ मध्ये उर्दू माध्यमाच्या शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी जामिया मिलिया, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ अशा तीन ठिकाणी केंद्रं सुरू केली. मौलाना आझाद विद्यापीठाचं एक अध्यापक महाविद्यालय तर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. आपल्या शाळांनी या संस्थांना पत्र लिहून, ‘आमच्या शिक्षकांसाठी उर्दूतून प्रशिक्षण घ्या’ असं मागायला हवं.

कमी फीच्या इंग्रजी शाळांचा विसर नको

आपली बरीच मुलं आता उर्दू किंवा मराठी शाळेत नाहीत. ती मोहल्ल्यातल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जातात. तिथे शिकवणाऱ्या बहुतांश तरुण मुली असतात, पगार अगदी तुटपुंजा, उद्या नोकरी राहील की नाही याची खात्री नाही. सरकारी प्रशिक्षणाचा रोख मुख्यतः सरकारी आणि अनुदानित शाळांकडे असतो. संस्था स्वतः काही करत नाही, कारण शिकून शिक्षिका दुसरीकडे जाईल अशी भीती असते. मग शाळेच्या बोर्डावर ‘स्मार्ट क्लास’ लिहिलेलं असतं आणि वर्गात कंपनीचा व्हिडिओ चालू असतो. शिक्षिका बाजूला उभी. असा पडदा फळ्यापेक्षा काही जास्त शिकवत नाही, फी मात्र वाढवतो.

टीईटीचं दडपण

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निकाल दिला. पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल, असं त्यात म्हटलं आहे. अल्पसंख्याक संस्थांना हा नियम लागू करायचा का, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यासाठी पुढे पाठवला गेला.

आमच्या मते अल्पसंख्याक दर्जा ही गुणवत्तेतून सुटका नाही. शिक्षकाची पात्रता तपासली जावी, याला विरोध करण्याचं कारण नाही. पण पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या शिक्षकाला एकाच वेळी टीईटीचा अभ्यास, पोर्टलची कामं, निवडणुकीची ड्युटी आणि वर एआयचं प्रशिक्षण असं सगळं दिलं, तर तो शिकणार नाही, फक्त निभावून नेईल. शासनाने एक गोष्ट सांगताना दुसऱ्या दोन काढून घ्यायला हव्यात.

आपण काय करायचं

सरकारकडून मागण्या करूच. प्रशिक्षण समोरासमोर आणि लहान गटात हवं. ते विषयाशी जोडलेलं आणि शिकवण्याच्या भाषेत हवं. महिन्याला होणाऱ्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचण्यापेक्षा एका शिक्षकाने प्रत्यक्ष घेतलेला तास दाखवावा. माहिती भरण्याचं काम शिक्षकाच्या गळ्यातून काढून डेटा ऑपरेटरकडे द्यावं. युनेस्कोने सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षकांसाठी एआय क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात माणूस केंद्रस्थानी ठेवण्याची दृष्टी आणि एआयची नैतिकता यांना अध्यापनाइतकंच स्थान आहे. आपल्या प्रशिक्षणातही ते यावं.

पण सगळं सरकारवर सोडून चालणार नाही. अंजुमन-ए-इस्लामसारख्या १८७४ पासून चालत आलेल्या संस्थेपासून ते गल्लीतल्या छोट्या ट्रस्टपर्यंत, आपल्याकडे शाळा चालवणाऱ्या संस्थांची मोठी परंपरा आहे. या संस्था इमारतीसाठी देणग्या मागतात, लोक देतात. आता संगणक कक्षाच्या पाटीवर देणगीदाराचं नाव कोरण्याआधी दोन प्रश्न विचारा: हा कक्ष वापरणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी किती रक्कम ठेवली? आणि त्यांना आठवड्यातून एक तास तरी रिकामा दिला का? आमचं मत असं की दहा संगणक घेण्यापेक्षा सहा घ्यावेत आणि उरलेले पैसे माणसांवर खर्च करावेत.

एका शहरातल्या चार-पाच शाळांनी एकत्र यावं. प्रत्येक शाळेत एखादे सर किंवा मॅडम असतातच ज्यांना हे जमतं. त्यांना थोडं मानधन आणि कमी तास देऊन इतरांचं मार्गदर्शक करावं. समाजातले आयटीतले तरुण पुण्यात, बंगळुरूत, दुबईत आहेत. त्यांनी सुट्टीत येऊन भाषण देऊन जाण्यापेक्षा एका शाळेच्या दोन शिक्षकांशी वर्षभर जोडून राहावं.

पालकांनीही शाळेच्या सभेत जाऊन विचारावं. ‘स्मार्ट क्लास आहे का?’ हा जुना प्रश्न झाला. ‘आमच्या मुलाच्या शिक्षकांनी यावर्षी नवीन काय शिकलं आणि वर्गात काय बदललं?’ हा विचारायचा प्रश्न आहे. विचारताना सूर चौकशीचा ठेवावा, पोलिसी नको. शिक्षकाला समाजाचा पाठिंबा आहे असं वाटलं पाहिजे. व्यवस्थापनाने त्याला शिकायला सुट्टी नाकारली तर पालकांनी शिक्षकाच्या बाजूने उभं राहावं.

एआय तिसरीच्या वर्गात येईल तेव्हा तिथे आठ वर्षांचं मूल बसलेलं असेल. त्याच्यासाठी पोर्टलवरची टक्केवारी महत्त्वाची नाही, शिक्षकांच्या फाईलमधलं प्रमाणपत्रही नाही. ते समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून शिकतं. त्या माणसाला शिकण्यासाठी वेळ, भाषा आणि सोबत मिळवून देणं हे शासनाचं काम आहे, संस्थेचं आहे आणि आपलंही आहे. शाळेची पुढची पालकसभा हीच सुरुवात समजावी.